पायपेटी, पियानो व डिजिटल कीबोर्ड यांतील पेडलांचे कार्य : झाडीपट्टीतील साथसंगतीच्या संदर्भात

प्रस्तावना

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा धानपट्टा लोकव्यवहारात झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. धानाची कापणी-मळणी आटोपली, गावोगावी मंडई भरू लागली की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजेच देसाईगंज हे नाट्यमंडळांचे मुख्य केंद्र असून तेथून निघालेल्या मंडळींच्या गाड्या सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड अशा तालुक्यांतील खेड्यांत पोहोचतात आणि रात्रभर प्रयोग रंगतो. ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री प्राप्त झाल्यानंतर या रंगभूमीकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक प्रमाणात वळले, ही समाधानाची बाब होय. तथापि आजवरचे बहुतेक लेखन संहिता, बोली, दंडारीसारखी पूर्वरूपे आणि नाटकांचे अर्थकारण यांभोवती फिरते. रंगमंचालगत बसून रात्रभर साथ करणारा वादक आणि त्याच्या पुढ्यातील वाद्य यांचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

झाडीपट्टीतील गाणी प्रत्यक्ष गायिली जातात आणि त्यांना प्रत्यक्ष वाद्यांची साथ असते. तबला, ढोलक, ऑक्टोपॅड यांच्या जोडीला जे सूरवाद्य असते त्यास येथे सर्रास ‘ऑर्गन’ म्हणतात. प्रत्यक्षात ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारा कीबोर्ड होय. नाव जुन्या पायपेटीचे राहिले आणि वाद्य मात्र बदलले. या बदलात वादकाच्या पायाचे काम गेले, आणि ते गेल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. कीबोर्डची साथ ‘सपाट’ वाटते, अशी तक्रार जुन्या रसिकांकडून वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ यंत्रापेक्षा यंत्राला न जोडलेल्या पेडलात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी पेडल म्हणजे नेमके काय, ते निरनिराळ्या वाद्यांत कोणते कार्य करते आणि आपल्या संगीतास त्यातील काय मानवते, याचा उलगडा येथे करावयाचा आहे.

पायपेटीतील पाय

युरोपात १८४० च्या दशकाच्या प्रारंभी पॅरिसच्या अलेक्झांद्र देबाँ याने हार्मोनियम हे नाव देऊन ज्या वाद्याचे हक्क घेतले, ते पायाने भाता चालवावयाचे होते. आपल्या परिचयाची हातपेटी नंतरची. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारावयाच्या आटोपशीर पेटीचा प्रसार केला. जमिनीवर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजाला ती सोयीची ठरली. मात्र या सोयीची किंमत एका हाताने चुकवावी लागली. डावा हात भात्यावर अडकला आणि वादन उजव्या हातावर आले.

मराठी संगीत नाटकाने मात्र पायपेटीला बराच काळ जवळ केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तर बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ लाभली. पुढील पिढीत गोविंदराव पटवर्धनांनी हार्मोनियमबरोबरच ऑर्गनवादनालाही मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली.

या ऑर्गनच्या तळाशी दोन रुंद पायटे असतात. पायाने चालणाऱ्या शिवणयंत्रापुढे बसलेला शिंपी डोळ्यांपुढे आणावा. फरक इतकाच की ऑर्गनवर दोन्ही पाय आळीपाळीने खाली-वर होतात. अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये हे पायटे आतील हवा बाहेर खेचतात. आत पोकळी निर्माण होते, बाहेरील हवा पितळी रीडमधून आत ओढली जाते आणि रीड कंप पावते. युरोपीय हार्मोनियममध्ये याच्या उलट दाबलेली हवा रीडमधून बाहेर जाते. ओढलेल्या हवेचा सूर अधिक मऊ व गोलसर आणि दाबलेल्या हवेचा किंचित धारदार, असा अनुभव आहे. दोहोंतही पाय थांबला की थोड्याच वेळात सूर थांबतो. पाय हा येथे वाद्याचा श्वासच होय.

याखेरीज पट्ट्यांखाली गुडघ्याने बाजूला रेटावयाच्या दोन फळ्या असतात. सामान्यतः उजवी फळी रेटली असता आतील झडप उघडून आवाज मोठा होतो; डावी रेटली असता सर्व रीडसंच एकदम बोलू लागतात. ही बाब साथसंगतीच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहे. गायक पदाची ओळ म्हणत असताना साथीचा सूर त्याच्या आवाजाखाली राहावा लागतो. त्याने श्वास घेतला की ती जागा वादकाने भरून काढावयाची असते आणि तेवढ्यापुरता वाद्याचा आवाज वर यावा लागतो. गायक पुन्हा समेकडे निघाला की वाद्याने पुन्हा मागे सरावयाचे. हे पुढे येणे व मागे सरणे पदाच्या एका अंतऱ्यात कितीतरी वेळा घडते. दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले असताना हा सगळा व्यवहार पाय आणि गुडघा सांभाळीत असत. हाताला सूर आणि पायाला दम, अशी ती विभागणी होती.

पियानोतील तीन पेडल

पियानोचे पेडल मुळातच निराळे आहे. त्याचा हवेशी काही संबंध नाही. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये ज्या वाद्याची रचना केली त्यात पट्टी दाबताच नमदा किंवा चामडे लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. आघातानंतर सूर आपोआप क्षीण होत जातो. तार मोकळी सोडल्यास खर्जातील सूर बराच वेळ रेंगाळतो, तर तारसप्तकातील चटकन विझतो. बोट उचलले की त्या तारेवर नमद्याची एक छोटी गादी येऊन बसते आणि सूर बंद पडतो. या गादीस डॅम्पर म्हणतात. सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच, कारण तेथील सूर टिकतच नाही.

उजवे पेडल दाबले असता सर्व डॅम्पर एकाच वेळी तारांवरून उचलले जातात. मग बोट उचलले तरी सूर चालू राहतो. इतकेच नव्हे, तर न वाजवलेल्या तारासुद्धा अनुनादाने किंचित बोलू लागतात. सतारीच्या तरफांचा अनुभव असणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. पियानोच्या भरदार नादाचे रहस्य बऱ्याच अंशी येथे आहे. बेथोव्हेनने १८०१ मध्ये रचलेल्या व ‘मूनलाइट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या सोनाटाचा पहिला भाग डॅम्परविना वाजवावा अशी सूचना केली होती. त्या काळच्या पियानोंवर सूर लवकर विझत असल्याने ती सूचना पाळता येत असे. आजच्या पियानोवर ती अक्षरशः पाळली तर सुरांची गर्दी होते, म्हणून वादक स्वरसमूह बदलताच पेडल बदलतात.

डाव्या पेडलाने आवाज मृदू होतो. ग्रँड पियानोत हे पेडल दाबले की पट्ट्यांसह हातोड्यांची सारी यंत्रणा किंचित उजवीकडे सरकते. पियानोत बहुतेक सुरांसाठी तीन-तीन तारा असतात. यंत्रणा सरकल्याने हातोडी त्यांपैकी दोहोंवरच पडते आणि तीही नमद्याच्या कमी घट्ट झालेल्या भागाने. त्यामुळे आवाजाबरोबर त्याचा रंगही बदलतो. भिंतीलगत ठेवावयाच्या उभ्या पियानोत मात्र हेच पेडल हातोड्या तारांजवळ आणून ठेवते. आघाताचे अंतर कमी झाल्याने आवाज लहान होतो, पण रंग तोच राहतो.

मधल्या पेडलाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. ग्रँड पियानोत ते निवडक सूर धरून ठेवते. ज्या पट्ट्या दाबलेल्या असताना हे पेडल दाबले जाईल तेवढ्याच सुरांचे डॅम्पर वर अडकून राहतात, इतर सूर नेहमीप्रमाणे चालतात. मार्सेच्या बोआसलो यांनी १८४४ मध्ये अशी रचना प्रदर्शित केली आणि न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीने १८७४ मध्ये तिचे हक्क घेऊन ती रूढ केली. अनेक उभ्या पियानोंत मात्र मधले पेडल हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याचा पातळ पडदा आणते. त्याचा उद्देश शेजाऱ्याची झोप मोडू नये एवढाच!

येथे एक शक्यता नोंदवावीशी वाटते. खर्जातील षड्ज, पंचम आणि मध्य षड्ज एकत्र दाबून मधले पेडल धरले, तर दोन्ही हात मोकळे होऊन वर चीज वाजवता येते आणि खाली तंबोऱ्यासारखा आधार राहतो. अर्थात तो आधार विझत जातो, तेव्हा अधूनमधून ते सूर पुन्हा छेडावे लागतात. पाश्चात्त्य वाद्यातील ही सोय आपल्या संगीतास जितकी उपयुक्त आहे, तितका तिचा विचार आपल्याकडे झालेला नाही.

रागसंगीत आणि उजवे पेडल

उजव्या पेडलाचा वापर आपल्या संगीतात बेतानेच करावा लागतो. पाश्चात्त्य संगीत स्वरसंवादावर उभे आहे. एकत्र वाजणारे सूर हा तेथे रचनेचाच भाग असतो. आपले संगीत एकामागून एक येणाऱ्या सुरांचे. पेडल धरून ठेवले की मागचा सूर पुढच्या सुरात मिसळतो आणि जे क्रमाने यावयाचे ते एकदम येते.

उदाहरणार्थ, पांढरी एक हा षड्ज धरल्यास मध्य सप्तकात त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६१.६ असते आणि कोमल ऋषभाची सुमारे २७७.२. हे दोन सूर एकत्र राहिले की त्यांतील फरकाइतके, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा हेलकावे निर्माण होतात व कानाला खरखर जाणवते. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन असल्याने ते मात्र सुखाने एकत्र नांदतात. यावरून कोणत्या रागास पेडल किती सोसते याचा ढोबळ अंदाज करता येतो. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच सूर. त्यांत कोठेही लगतचे अर्धस्वर नाहीत. तेथे पेडल थोडे लांबले तरी फारसे बिघडत नाही. भैरवात सा आणि कोमल रे, ग आणि म, प आणि कोमल ध, नी आणि तार सा अशा चार जोड्या लगतच्या अर्धस्वरांच्या आहेत. तेथे प्रत्येक सुरागणिक पेडल सोडणे भाग आहे.

पेडल बदलण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. नवशिका पट्टी आणि पेडल एकाच वेळी दाबतो, त्यामुळे आधीच्या सुराचे शेपूट नव्यात अडकते. जाणकार वादक नवा सूर वाजवताक्षणी पेडल सोडतो आणि तो सूर स्थिरावला की पुन्हा दाबतो. बोट खाली जाते तेव्हा पाय वर येतो. स्वर आधी, पेडल मागून. हा क्रम अंगवळणी पडल्यावर दोन सुरांत फटही राहत नाही आणि गर्दीही होत नाही. पेडल अर्धेच दाबून डॅम्पर तारांना निसटते टेकू देण्याची युक्ती याच्या पुढची पायरी होय. मात्र कोणतेही पेडल मींड देत नाही, हे स्पष्ट असावे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागील आक्षेपांत मींड न निघणे हा एक प्रमुख आक्षेप होता. तो पियानोलाही तितकाच लागू पडतो.

कीबोर्डचे पेडल : कोणता आवाज, कोणते पेडल

खराखुरा पियानो झाडीपट्टीत का रुजला नाही हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. उन्हाळ्यातील चंद्रपूरचा पारा आणि पावसाळ्यातील दमट हवा लाकूड, नमदा व तारा या तिघांनाही सोसत नाही. शिवाय दररात्री नव्या गावी जाणाऱ्या मंडळीस एवढे धूड वाहून नेणे अशक्यच. पायपेटीही जड आणि नाजूक. तिची दुरुस्ती करणारे कारागीर दुर्मीळ झाले. अशा स्थितीत काखोटीला मारून नेता येणारा कीबोर्ड आला हे स्वाभाविकच होते, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

कीबोर्डला पेडल असते ते तारांवर काम करीत नाही. ते केवळ सूचना पाठवते. १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतप्रणालीत प्रत्येक सूचनेस क्रमांक आहे. सूर लांबवणाऱ्या पेडलाचा ६४, निवडक सूर धरणाऱ्याचा ६६, मृदू पेडलाचा ६७ आणि आवाजाच्या चढउताराचा, म्हणजे एक्स्प्रेशनचा, ११. सूचनेचे मूल्य ० ते १२७ यांत असते. साधे पेडल म्हणजे निव्वळ बटण असते. ते शून्य किंवा एकशे सत्तावीस एवढेच सांगू शकते. अर्ध्या पेडलाची सोय हवी असेल तर पेडल आणि वाद्य दोन्ही मधली मूल्ये ओळखणारी असावी लागतात. चांगल्या डिजिटल पियानोत पेडल दाबताच इतर तारांचा अनुनादही गणिताने निर्माण केला जातो. मात्र धरून ठेवलेला प्रत्येक सूर यंत्राची क्षमता व्यापतो. एकावेळी ३२ सूर काढू शकणाऱ्या लहान कीबोर्डवर ताल, साथ आणि पेडल एकत्र चालू ठेवल्यास जुने सूर मध्येच तुटतात. वादकाला दोष कोठे आहे ते कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. कीबोर्डवर पियानोचा आवाज निवडला असेल तर सूर लांबवणारे पेडल शोभते, कारण तो आवाज आपोआप विझणारा आहे. हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा आवाज निवडून तेच पेडल दाबले तर काय होते? रीडचा सूर विझत नाही. पेडल धरून ठेवल्यास वाजवलेला प्रत्येक सूर पूर्ण जोराने तसाच चालू राहतो आणि चार सुरांतच कल्लोळ होतो. वादक एकदा हा अनुभव घेतो, पेडल निरुपयोगी ठरवतो आणि काढून ठेवतो. येथे निष्कर्ष चुकतो. भात्याच्या आवाजाला भात्याचे पेडल हवे असते. पायपेटीच्या पायट्याचा आणि गुडघ्याच्या फळीचा खरा वारसदार एक्स्प्रेशन पेडल आहे. ते टाचेने मागे व चवड्याने पुढे असे झुलते आणि आवाज हळूहळू कमी-अधिक करते.

हे पेडल नसल्याने साथीचा व्यवहार कसा बदलला ते पाहण्याजोगे आहे. कीबोर्डची तार ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेत जाते. आवाज एकदा ठरवला की तो प्रयोगभर तसाच राहतो. फार तर यंत्रणा सांभाळणारा माणूस तो वर-खाली करतो. म्हणजे जे काम गायकाचा श्वास ओळखणाऱ्या साथीदाराच्या पायाकडे होते, ते गायकाकडे पाठ करून बसलेल्या तंत्रज्ञाकडे गेले. पट्टी जोराने वा हळू दाबून आवाज बदलावा, असे कोणी म्हणेल. पियानोच्या आवाजात ते साधते. ऑर्गनच्या आवाजात बहुधा साधत नाही, आणि साधले तरी एकदा निघालेला सूर मध्येच फुगवता येत नाही. पदातील लांब ठेहराव, करुण प्रसंगातील आलाप किंवा लावणीतील उचल यांना नेमके तेच हवे असते.

वाद्य खरेदी करणाऱ्यांसाठी

युवक महोत्सवाच्या निमित्ताने महाविद्यालयांचे सांस्कृतिक विभाग कीबोर्ड खरेदी करतात आणि त्याच वाद्यांवर हात बसवलेली मुले पुढे झाडीपट्टीच्या मंडळांत वाजवू लागतात. त्यामुळे खरेदी समितीवरील प्राध्यापकांनी काही गोष्टी तपासून घेणे उचित ठरेल. वाद्याच्या मागील बाजूस पेडलासाठी एकच छिद्र आहे की दोन, हे आधी पाहावे. बहुतेक स्वस्त कीबोर्डांना एकच असते आणि ते केवळ सूर लांबवण्याच्या पेडलासाठी असते. तेथे एक्स्प्रेशन पेडल जोडून उपयोग होत नाही. अशा वेळी कीबोर्ड आणि ध्वनियंत्रणा यांच्या मध्ये आवाजाचे पेडल बसवता येते. त्यातून वाद्याचा सगळाच आवाज जात असल्याने कीबोर्डवरील आपोआप चालणारा तालही त्याबरोबर लहान-मोठा होईल. तबलजी सोबत असल्यास ही अडचण उरत नाही, किंबहुना तो यंत्राचा ताल बंद करण्यास चांगले निमित्त ठरावे. गिटारसाठी बनवलेले आवाजाचे पेडल कीबोर्डला नेहमी मानवतेच असे नाही, म्हणून दुकानातच जोडून पाहावे.

एक बारीकसा घोटाळा वारंवार घडतो. काही कंपन्यांच्या पेडलात दाबल्यावर विद्युतमंडल पूर्ण होते, तर काहींत दाबल्यावर ते तुटते. भलत्या कंपनीचे पेडल लावल्यास पाय वर असताना सूर लांबतो आणि पाय दाबल्यावर थांबतो. अनेक वाद्ये चालू होतेवेळी पेडलाची ही दिशा स्वतः ओळखतात. म्हणून वाद्य सुरू करताना पेडलावर पाय ठेवू नये, अन्यथा उलटा हिशेब बसतो. वाद्य बंद करून, पाय काढून पुन्हा चालू केले की तो सुटतो. काही पेडलांच्या खाली दिशा बदलण्याची कळही असते.

सरावासाठी फार काही लागत नाही. विद्यार्थ्याने हार्मोनियमच्या आवाजावर एकच षड्ज धरून तो केवळ पायाने चार मात्रांत फुलवावा आणि चार मात्रांत मिटवावा. हे जमल्यावर कोणी पदाची एक ओळ गावी. ओळ चालू असताना विद्यार्थ्याची टाच खाली असावी आणि गाणारा श्वास घेईल तेव्हाच चवडा पुढे जावा. हातांनी त्या वेळी काय वाजवावे याचा विचार सुरुवातीस करू नये. दोनच सूर पुरेत. मंडपात खुर्चीऐवजी जमिनीवर मांडी घालून बसण्याची पद्धत असेल तर पेडल वापरताच येत नाही, म्हणून खुर्ची आणि पेडल घसरू नये यासाठी खाली रबरी चटई, या दोन वस्तू वाद्याबरोबरच खरेदीच्या यादीत लिहाव्यात.